दुसऱ्याच्या कानातलं आपलं नाव

नमस्कार मंडळी.

हर्षित, रक्षित, परीक्षित. यांतलं एक नाव माझ्या भाच्याचं आहे. कुठलं ते सांगत नाही, कारण आता सांगणार आहे तो प्रसंग या तिघांवरही ओढवू शकतो. भाचा अकरा वर्षांचा होता आणि त्याला इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायचं होतं. खातं उघडताना युजरनेम विचारलं. त्यानं हौसेनं स्वतःचं नाव टाकलं, तर खाली लाल अक्षरांत ओळ उमटली: असभ्य शब्द वापरू नका. त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा एकेक अक्षर बघून टाकलं. पुन्हा तीच ओळ. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "मावशी, माझं नाव म्हणजे शिवी आहे का गं?"

भाषा शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण या प्रश्नाला पटकन उत्तर देता आलं नाही. आज जे बोलणार आहे ते त्याच प्रश्नाचं लांबलेलं उत्तर समजा.

आधी ते नाव जवळून बघू. उदाहरणाला 'हर्षित' घेते. हृष् हा धातू, त्यापासून हर्ष, आणि त्याला 'इत' लागून हर्षित, म्हणजे आनंदलेला. देवनागरीत 'ष' हे एकच अक्षर आहे, त्याचे दोन तुकडे होत नाहीत. रोमन लिपीत मात्र या आवाजासाठी वेगळं अक्षरच नाही, म्हणून एस आणि एच शेजारी बसवून भागवावं लागतं. त्यापुढे आय, त्यापुढे टी. ही शेवटची चार अक्षरं सुटी वाचली की इंग्रजीत विष्ठा. यंत्राला नाव वाचायचं नसतंच, अक्षरांच्या माळेत बंदी घातलेला तुकडा सापडतो का एवढंच ते पाहतं. आणि नावातला 'हर्ष' इंग्रजी वाचणाऱ्यापुढे ठेवा, तो त्याला 'हार्श' वाचेल, म्हणजे कठोर. आनंदाचं नाव लिपी बदलताच आधी कठोर झालं आणि मग घाण. नाव ठेवणाऱ्या आईबापांचा यात काय दोष?

हे फक्त आपल्याच नावांचं दुखणं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये स्कन्थॉर्प नावाचं शहर आहे. १९९६ साली तिथल्या लोकांना एओएल या कंपनीच्या सेवेत खातं उघडता येईना, कारण शहराच्या नावात दुसऱ्या ते पाचव्या अक्षरापर्यंत इंग्रजीतली एक अश्लील शिवी दडलेली आहे. त्यांचं शहर इंग्रजी, शिवीही इंग्रजी, तरी अडकलेच. तेव्हापासून प्रोग्रामर मंडळी या दोषाला 'स्कन्थॉर्प प्रॉब्लेम' म्हणतात. इतक्या वर्षांनी तोच दोष माझ्या भाच्यापुढे उभा राहिला याचा मला खरोखर राग येतो. नाव नाकारण्याआधी ते कुठल्या भाषेतलं आहे एवढं तरी विचारायला हवं होतं.

आता 'दीक्षित' पाहा. बरेच दीक्षित आपल्या आडनावात रोमन एक्स घालतात आणि त्या चार अक्षरांची अडचण टळते. पण असं लिहिलेलं आडनाव लॅटिन जाणणाऱ्यानं वाचलं तर त्याला दिसतं 'डिक्सिट', म्हणजे 'तो म्हणाला'. एका भाषेतून निसटलं ते दुसरीत सापडलं. सुदैवानं अर्थ चांगला निघाला.

माणसांच्या जगात एका नावाचे दहा जण सुखानं नांदतात. आपण 'उंच सुरेश', 'चष्मेवाला सुरेश' म्हणून वेगळे ओळखतो. यंत्राला ते जमत नाही. १९६० च्या दशकात एकाच संगणकावर अनेकांनी काम करायची सोय निघाली, तेव्हा प्रत्येकाला वेगळी खूण देणं भाग पडलं. युनिक्स ही प्रणाली घडवणाऱ्यांपैकी डेनिस रिची यांची खूण होती डीएमआर, त्यांच्या पूर्ण नावाची तीन आद्याक्षरं. केन थॉम्पसन नुसते 'केन'. पुढे १९८८ मध्ये फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी गप्पांसाठी आयआरसी सुरू केलं, तिथे टोपणनावाला नऊच अक्षरं मिळत. जागा अशी चिमूटभर असली की माणूस नाव मोडतो, स्वर गाळतो, आकडे चिकटवतो. आणि नाव मोडलं की त्यातून कुठल्या तरी भाषेतला भलताच शब्द निघायची शक्यता वाढते.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्यावर ईमेल पाठवला आणि नाव व संगणक यांच्या मध्ये 'ॲट'चं चिन्ह ठेवलं. इंग्रजी हिशेबात ते चिन्ह 'या दरानं' अशा अर्थानं आधीपासून होतं, पण इतरांना दिसलं ते त्याचं रूप: रोमन लहान 'ए' आणि त्याला वळसा घालणारी शेपटी. तेवढ्यावरून भाषांनी काय काय पाहिलं बघा. इटालियन लोकांना त्यात गोगलगाय दिसली, रशियनांना कुत्रा, डचांना माकडाची शेपटी, डॅनिश मंडळींना सोंड लावलेला 'ए', ग्रीकांना बदकाचं पिल्लू, हंगेरियनांना अळी. चेक भाषेत तर तो गुंडाळी केलेला मासा आहे. मला हे फार आवडतं. जिचा अर्थ आपल्याला लागत नाही अशा खुणेलाही कुणी रिकामं राहू दिलं नाही. मग अक्षरांनी बनलेलं नाव दुसऱ्याच्या कानात रिकामं कसं राहील?

टोपणनावाला इंग्रजीत 'निकनेम' म्हणतात, त्याचा जन्मही चुकीच्या ऐकण्यातून झालाय. मूळ शब्द 'ईकनेम'. ईक म्हणजे आणखी, वरचं. 'ॲन ईकनेम' असं म्हणता म्हणता 'ॲन'मधला न पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला. उलटंही घडलंय: 'नेप्रन'चा न सुटून 'ॲप्रन' झाला. म्हणजे इंग्रजी माणसाच्या लेखी हे वर जोडलेलं नाव. आपलं टोपण म्हणजे झाकण, म्हणजे आपल्याकडे ते मूळ नाव झाकणारं. केशवसुत किंवा कुसुमाग्रज ही नावं मात्र मला झाकणासारखी वाटत नाहीत. केशवचा मुलगा, कुसुमचा थोरला भाऊ. त्यांनी स्वतःचं नाव मागे ठेवलं आणि नातं पुढे केलं.

नात्याचे शब्द टोपणनाव म्हणून फार चालतात, आणि भाषांच्या सीमेवर सगळ्यात जास्त गोंधळही तेच घालतात. 'मामा' घ्या. आपला आईचा भाऊ, कितीतरी भाषांत आई, आणि जॉर्जियन भाषेत चक्क वडील. तिथे आईला म्हणतात 'देदा'. आपला 'बाबा' रशियनमध्ये बाई होतो, तीही जरा हलक्या सुरात. 'नाना' हिंदीत आईचे वडील, इंग्रजीत आजी, आणि जपानीत सात हा आकडा. 'हाहा' लिहून आपण हसतो, जपानीत ती आई. 'आई' असं म्हटलं तर जपानी माणसाला ऐकू येतं प्रेम. आई म्हटल्यावर प्रेम ऐकू यावं, हा योगायोग सांगताना मी दर वेळी क्षणभर थांबते.

असं का होतं, याचं कारण भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये मांडलं. तान्ह्या मुलाला ओठ मिटून-उघडून काढलेले म, ब, प आणि तोंड पूर्ण उघडून काढलेला आ, हे आवाज आधी जमतात. मूल ते बोलतं आणि जवळचं माणूस तो शब्द स्वतःचा मानतं. कुठे ते माणूस आई असतं, कुठे बाप. ब्राझीलच्या काका या फुटबॉलपटूचं नावही असंच पडलं. धाकट्या भावाला 'रिकार्दो' म्हणता येईना, तो 'काका' म्हणू लागला. आपल्याला वाटेल कुणाचा तरी चुलता मैदानात उतरलाय. जर्मन मुलाला त्यात शी ऐकू येते, स्वीडिश मुलाला केक.

परक्यांचं कशाला, शेजारच्या भाषांत संस्कृतातून आलेला एकच शब्द घ्या. हिंदीत शिक्षा झाली की माणूस शिकतो, मराठीत तुरुंगात जातो. बंगाली माणूस "चेष्टा करीन" म्हणतो तेव्हा तो मनापासून प्रयत्न करणार असतो.

तर भाच्याकडे परत येऊ. त्याला मी सांगितलं, तुझं नाव शिवी नाही, त्या यंत्राला तुझी भाषा येत नाही. त्याला ते पटलं, पण खेळायचं तर होतंच. मग त्यानं धाकटी बहीण त्याला जी हाक मारते ती लिहिली, 'दादा', आणि पुढे दोन आकडे. ते नाव लगेच मिळालं.

काही महिन्यांनी तो पुन्हा आला. पूर्व आफ्रिकेतला, स्वाहिली बोलणारा एक मुलगा त्याच्याशी रोज खेळायचा. त्यानं विचारलं होतं, तू मुलगी आहेस का? स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. भाच्यानं कळवलं, नाही रे, आमच्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ. त्यावर तिकडून उत्तर आलं, आमच्याकडे भावाला म्हणतात 'काका'.

तेव्हापासून तो मुलगा डाव सुरू करताना माझ्या भाच्याला 'काका' लिहितो, आणि हा त्याला 'दादा' लिहितो.