विहिरीच्या पाण्यापासून सूर्या धरणापर्यंत

(एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बंधुभगिनींनो, चर्च आणि पर्यावरण असा विषय निघाला की पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक, म्हणजे निसर्गाच्या रक्षणावर त्यांनी लिहिलेलं जाहीर पत्र, आठवतं, आणि ५ जूनला चर्चच्या आवारात लावलेलं रोपटं. परिपत्रकाकडे मी येणारच आहे, पण सुरुवात वसईतून करतो. ते परिपत्रक आलं २०१५ साली. आपली माणसं त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीच याच प्रश्नासाठी रस्त्यावर उतरली होती.

आमच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या बाजूला, वाडी म्हटली की केळी, पानवेल, नारळ, फुलझाडं आणि जोडीला विहीर किंवा बावखल. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीत खणलेलं उघडं तळं. पावसाळ्यात ते तुडुंब भरतं, पाणी सावकाश जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी त्यावर जगतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या विहिरींना गोडं पाणी लागतं ते या मुरलेल्या पावसामुळे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते त्याच्या वर थर धरून राहतं. रहाटाने उपसा व्हायचा तेव्हा हा थर टिकायचा. मोटारपंप लावून एकामागून एक टँकर भरू लागले की वरचं गोडं संपतं आणि खालचं खारं वर चढतं. जुना वाडीवाला ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बघायचा. मचूळ लागलं की त्याच्या पोटात गोळा यायचा, कारण पानवेलीला खारं पाणी सोसत नाही. केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात. राजेळी केळीचा घडच धरला नाही तर आगाशीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, कशाची करणार?

ऐंशीच्या दशकात हे डोळ्यांदेखत घडत होतं. पाणी टँकरने बाहेर जात होतं, वाळू उपसली जात होती, हिरव्या पट्ट्यातली जमीन बांधकामासाठी मोकळी होत होती. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. दिब्रिटो १९८३ ते २००७ 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, त्यामुळे लेखणी आणि मोर्चा ही दोन्ही साधनं त्यांच्या हाताशी होती. मोर्चात ख्रिस्ती होते तसे हिंदू आणि मुसलमानही होते, बायका तर मोठ्या संख्येने होत्या. विहीर आटली की घागर घेऊन वणवण करायची पाळी त्यांच्यावर येते. फादरांना धमक्या आल्या. 'धर्मगुरूने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करावी, जमिनीच्या भानगडीत पडू नये' हेही ऐकावं लागलं, आणि सांगायला वाईट वाटतं, ते आपल्याच काही लोकांकडून. जमीन विकणाऱ्यांत आपलेही लोक होते. रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्या माणसाच्या व्यवहारावर बोट ठेवायला सरकारविरुद्ध घोषणा देण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं. माझ्या मते ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, पर्यावरणावरची निष्ठा तिथेच कसाला लागते.

आंदोलनाने सगळं वाचवलं असं मी म्हणणार नाही. नालासोपारा, विरारमधली इमारतींची गर्दी बघितली की कळतं. पण पश्चिमेला आजही वाड्या दिसतात, त्या आपोआप राहिलेल्या नाहीत.

आता परिपत्रकाकडे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ जानेवारी १९९०च्या शांतिदिनाचा संदेश निसर्गाच्या रक्षणावरच दिला होता, म्हणजे रोमला हे अचानक सुचलेलं नाही. 'लाउदातो सी'चं वेगळेपण असं की ते धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगतं. पिण्यायोग्य पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि हे बायबलबाहेरचं नाही. लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय घरी जाऊन वाचा. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या, आणि जमीन कायमची विकू नका, कारण ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात, असं परमेश्वर तिथे सांगतो. सातबारा तुमच्या नावावर असला तरी!

हे वाचल्यावर मला एक प्रश्न सतावतो, आणि त्यासाठीच मी आज आलोय. आपण आपलं पाणी टँकरने बाहेर जाऊ नये म्हणून लढलो. आज आपल्या नळाला पाणी कुठून येतं? सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून. हा प्रकल्प उभा राहिला तो डहाणू, विक्रमगड, पालघर या तालुक्यांच्या सिंचनासाठी. त्यासाठी आदिवासींच्या जमिनी गेल्या, गावं उठली. आता त्या धरणातून रोज ४० कोटी ३० लाख लिटर पाणी शहरांना देण्याची योजना आहे. त्यातलं १८ कोटी ५० लाख लिटर वसई-विरारचं, बाकीचं मिरा-भाईंदरचं. तिथल्या आदिवासींनी याविरुद्ध आंदोलनं केली. १९८९ साली, आपल्या मोर्चांच्या काळात, आपण जे म्हणत होतो, तेच ते म्हणतायत: आधी आमच्या शेताला द्या, मग बाहेर न्या.

नालासोपाऱ्यातल्या एका खोलीत राहणाऱ्या कामगार कुटुंबालाही पाणी हवंच. त्यांना तहानलेलं ठेवा असं कोण म्हणेल? पण विहीर बुजवून इमारत बांधायची आणि त्या इमारतीसाठी दुसऱ्याच्या शेताचं पाणी आणायचं, हा व्यवहार ख्रिस्तसभेने मुकाट्याने मान्य करायचा का? मी म्हणतो, करू नये.

सणाला फटाके नकोत, प्लॅस्टिकच्या पताका नकोत, हे ठीकच आहे. ते करा आणि पुढे चला. मोठं काम निराळं आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतल्या विहिरी आणि बावखलं मोजावीत. किती जिवंत, किती बुजवली, कुठे पाणी खारं झालं, हे वहीत नोंदवावं. तरुणांनी हे उन्हाळ्यातच करावं, तेव्हा पाण्याची खरी पातळी कळते. चर्चच्या आणि शाळेच्या छपराचं पावसाचं पाणी चर्चच्याच विहिरीत सोडावं. ज्याला जमीन विकावीच लागते, त्याला पॅरिश कौन्सिलने निदान एवढं विचारावं की बावखल राखणार का. आणि दिवाळीनंतर आपल्यातले काही जण, फादर आणि सिस्टरांसह, धामणीच्या परिसरात जाऊया. भाषण करायला नको. त्यांच्या कालव्याला पाणी किती दिवस येतं आणि कोणत्या महिन्यात बंद होतं, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं आणि आल्यावर याच सभागृहात मांडायचं. ज्यांना यायचंय त्यांनी आज जाताना दाराजवळच्या वहीत नाव लिहावं.