शनवार तेल्यांचा वंश: जनुके काय सांगतात आणि धर्म काय विचारतो

मित्रहो, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून बेने इस्रायल ही कोकणातली ज्यू जमात वाढली, ही कथा अलिबाग परिसरात घरोघर ठाऊक आहे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते 'शनवार तेली'. घरात मराठी, मंगलप्रसंगी एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा, आडनावे पेणकर, दिवेकर, नवगावकर. हे लोक खरे ज्यू आहेत का, असा प्रश्न त्यांना इस्रायलमध्येही ऐकावा लागला. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बीपीठाने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च मंडळाने, आदेश काढला की, बेने इस्रायलांचे लग्न लावण्याआधी आई, आजी अशा शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. निदर्शने झाली. १९६४ मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला, तेव्हा आदेशातले जमातीचे नाव गेले. तो अपमान जुन्या पिढीच्या मनात अजून ताजा आहे. म्हणून जनुकांच्या निष्कर्षांकडे आपण फार जपून पाहिले पाहिजे.

२०१६ साली १८ बेने इस्रायलांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या जनुकांत भारतीय आणि मध्यपूर्वेतील ज्यू असे दोन्ही वंश मोठ्या प्रमाणात निघाले. हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे. ही मोजणी कशी होते? दोन वंश मिसळले की सुरुवातीला गुणसूत्रांवर प्रत्येकाचे लांब तुकडे असतात. पुढे दर पिढीत अदलाबदल होऊन ते तुटत जातात. आज ते किती आखूड झाले आहेत, यावरून पिढ्यांचा अंदाज बांधतात. लक्षात घ्या, ही मिश्रणाची तारीख आहे, किनाऱ्याला लागल्याची नव्हे. पूर्वज त्याआधी कित्येक शतके कोकणात राहिले असतील, तरी हिशेब हाच येईल. नवगावची कथा यामुळे खरीही ठरत नाही, खोटीही नाही.

दुसरा निष्कर्ष अधिक नाजूक आहे. ज्यू वंश मुख्यतः पुरुषांकडून आला आणि भारतीय वंश मुख्यतः स्त्रियांकडून. वडिलांकडून मुलाला वाय गुणसूत्र मिळते, आईकडून मुलगे आणि मुली दोघांनाही मायटोकॉन्ड्रियल डीएनए. आणि हलाखा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र, ज्यूपण आईवरून ठरवते! मध्यपूर्वेशी नाते दाखवणारा पुरावा सापडला, तो नेमका धर्माने न विचारलेल्या बाजूचा.

पण इथेच मोठी चूक होते. स्थानिक डीएनए असलेली पूर्वज स्त्री ज्यू नव्हती, असा अर्थ कोणी काढला तर तो धर्मशास्त्रालाही धरून नाही. रीतसर धर्मांतर, म्हणजे गियूर, केलेली स्त्री पूर्ण ज्यू, त्यानंतर झालेली तिची मुलेही ज्यू. त्या धर्मांतराची खूण कुठल्याही पेशीत राहत नाही. जमातीत पूर्वी 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद पाळत. काळे म्हणजे स्थानिक बाईची संतती, त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. समूहाचा वंशच मिश्र निघाल्यावर त्या भेदाखालची जमीन सरकली. या संशोधनाचे हे फळ मला सगळ्यात मोलाचे वाटते.

उलट दिशेनेही गफलत होते. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंपैकी सुमारे ४० टक्के लोकांचा मातृवंश चार स्त्रियांपर्यंत पोचतो. सोव्हिएत देशांतून आलेल्या, कागदपत्रे हरवलेल्या कुटुंबांच्या बाबतीत इस्रायलमध्ये मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या चाचणीचा आधार घेतला गेला. जुळली तर दाव्याला बळ मिळते. न जुळली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण उरलेल्या ६० टक्के अश्केनाझींचा मातृवंशही त्या चौघींपर्यंत पोचत नाही. चाचणी बिनजुळती आली म्हणून कुणाचे लग्न अडले, तर तो अन्यायच.

घरी लाळेचा नमुना पाठवून वंशाची टक्केवारी मागवणाऱ्यांनी एवढे पाहावे. ती टक्केवारी कंपनीकडच्या तुलनेच्या नमुन्यांवर अवलंबून असते. त्या संग्रहात बेने इस्रायल नसतील तर तुमचे तुकडे दक्षिण आशिया आणि मध्यपूर्व अशा ढोबळ खणांत पडतील. संग्रह वाढला की त्याच लाळेचा आकडा बदलतो. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने झालेल्या जमातीत डीएनए अनेक वाटांनी सामाईक होतो, त्यामुळे यादीत 'जवळचा चुलतभाऊ' म्हणून दिसणारा माणूस प्रत्यक्षात बराच लांबचा निघू शकतो. आजी-आजोबांची लग्ने सिद्ध करायची असतील तर केतुबा, म्हणजे लग्नाचे करारपत्र, सिनेगॉगची (प्रार्थनाघराची) नोंदवही आणि कबरीवरचा लेख आधी शोधा, आणि त्यांचे फोटो काढून ठेवा. कोकणातल्या दमट हवेत कागद फार टिकत नाही.