व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प बांधायचाय, पण किती वॅटचा?

(दृश्य: नाशिकची अंबड एमआयडीसी. वाइंडिंगच्या दुकानात मशीनवर फिरणारी बॉबिन, तिच्यावर चढणारी तांब्याची तार.)

अंबडच्या या दुकानात दिवसभर मोटारी आणि पॅनलचे ट्रान्सफॉर्मर भरले जातात. आज इथे जरा वेगळं गिऱ्हाईक आलंय. सातपूरच्या कारखान्यात पॅनल वायरिंग करणारा, इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहणारा, गिटार वाजवणारा एक तरुण. त्याला घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा, अ‍ॅम्प बांधायचाय. वाइंडरकाका वही उघडतात.

"वॅट किती ते सांग आधी. त्याशिवाय स्टॅम्पिंग कुठलं काढू?"

"पन्नास धरलेत, काका."

"वाजवणार कुठे?"

"घरीच. आणि रविवारी मित्रांबरोबर. ड्रम असतो तिथे."

काका पेन खाली ठेवतात. "मग पन्नास कशाला रे?"

हा प्रश्न अ‍ॅम्प बांधणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला सगळ्यात आधी विचारायला हवा. व्हॉल्व्ह कोणते, ट्रान्सफॉर्मर केवढा, चासी किती मोठी, स्पीकर कुठला, आत किती व्होल्ट खेळणार, हे सगळं या एका आकड्यावरून ठरतं. आणि तो आकडा आपण हौसेपोटी फुगवून ठेवतो.

(दृश्य: गिटार स्पीकरच्या मागचं लेबल. कॅमेरा '९८ डीबी'वर थांबतो.)

आधी आवाजाचा हिशोब पाहू. बाराइंची गिटार स्पीकरला १ वॅट दिला, तर समोर १ मीटरवर साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज मिळतो. आपण ९८ धरू. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. दसपट केले की १० डेसिबलने, आणि तेव्हा कुठे आपल्या कानाला तो ढोबळमानाने दुप्पट वाटतो. म्हणजे ५ वॅटला १०५ डेसिबल, १५ ला जवळपास ११०, ५० ला ११५ आणि १०० वॅटला ११८. पाच वॅटवरून शंभरावर गेलो, वीसपट ताकद लावली, आणि फरक पडला १३ डेसिबलचा. पन्नास आणि शंभर वॅटमधला फरक तर ३ डेसिबलच. तेवढ्यासाठी लोखंड, तांबं, व्हॉल्व्ह सगळं दुप्पट!

आता हाच हिशोब उलटा करा. खोलीत एकट्याने बसून वाजवताना ८० डेसिबलही भरपूर होतात. त्यासाठी या स्पीकरला लागतात वॅटचा साठावा भाग, म्हणजे १५-१६ मिलिवॅट. पन्नास वॅटचा अ‍ॅम्प त्या खोलीत आयुष्यभर झोपून राहील.

झोपून राहिला तर बिघडलं कुठे? हाय-फायच्या अ‍ॅम्पचं काहीच बिघडत नाही, त्याने निवांत राहून आवाज स्वच्छ द्यावा हीच अपेक्षा असते. गिटार अ‍ॅम्पची गोष्ट निराळी आहे. तो स्वतःच एक वाद्य आहे. आउटपुटचे व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेजवळ पोचतात तेव्हा लाटेची टोकं गोल व्हायला लागतात. पिक जोरात मारला की पॉवर सप्लाय किंचित दबतो आणि स्वर मागून फुलत येतो. बोटांच्या दाबाला अ‍ॅम्प उत्तर देतो. लोक व्हॉल्व्हच्या मागे लागतात ते यासाठी, आणि ही करामत अ‍ॅम्पला मेहनत करायला लावल्यावरच ऐकू येते. आपल्या जागेला जेवढा आवाज सोसतो, तेवढ्या आवाजाला ज्याचे आउटपुट व्हॉल्व्ह घाम गाळत असतील, तो अ‍ॅम्प आपल्या मापाचा. मास्टर व्हॉल्यूम लावून प्रीअ‍ॅम्पचे, म्हणजे आउटपुटच्या आधीचे, व्हॉल्व्ह ओरडवता येतात. ती चवही चांगली आहे, पण वेगळी आहे.

(दृश्य: टेबलावर व्हॉल्व्ह मांडलेले. एका बाजूला एक ईएल८४, दुसऱ्या बाजूला ६व्ही६ची जोडी.)

सगळ्यात लहान रचना सिंगल-एंडेड. आउटपुटला एकच व्हॉल्व्ह. फेंडरचा चॅम्प एका ६व्ही६वर साधारण ५ वॅट देतो, एक ईएल८४ही तेवढेच देतो. ईएल८४ची प्लेट १२ वॅट उष्णता सहन करू शकते, त्यातून हातात येतात हे पाच. ही रचना क्लास ए पद्धतीची, म्हणजे वाजवा किंवा वाजवू नका, व्हॉल्व्ह पूर्ण तापलेलाच असतो.

दुसरी रचना पुश-पुल. दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने भार घेतात. व्हॉक्सच्या एसी१५ मध्ये ईएल८४ची जोडी आहे, १५ वॅटची. ईएल३४ची जोडी घेतली की ५०, आणि चार घेतले की १००.

दोघांच्या आवाजाचा पोतही वेगळा. सिंगल-एंडेडमध्ये स्वर फाटायला लागला की त्यात दुसरा हार्मोनिक ठळक मिसळतो. तुम्ही सा वाजवलात तर वरच्या सप्तकातला सा सोबत येतो. पुश-पुलमध्ये आउटपुटच्या जोडीतले सम हार्मोनिक एकमेकांना खोडतात आणि तिसरा पुढे येतो, म्हणजे तार सप्तकातला पंचम. पहिला आवाज गोलसर, दुसरा धारदार. यात बरं-वाईट काही नाही. मला स्वतःला एकट्याने वाजवायला पहिला आवडतो, पण ड्रमसोबत तो लवकर विरघळतो.

(दृश्य: काका स्टॅम्पिंग हातात घेऊन दाखवतात. ई आणि आय आकाराच्या पातळ पट्ट्या.)

नेहमीचा ट्रान्सफॉर्मर भरताना काका या पट्ट्या उलटसुलट रचतात. एक ई डावीकडून, पुढची उजवीकडून. त्यामुळे चुंबकीय वाट अखंड राहते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये बसतो. सिंगल-एंडेडचा मात्र असा भरून चालत नाही. त्याच्या प्रायमरीतून, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूच्या गुंडाळीतून, एकाच दिशेने सतत डीसी प्रवाह वाहतो आणि अखंड कोअर, म्हणजे पट्ट्यांचा गाभा, त्यानेच चुंबकत्वाने भरून जातो, मग खालच्या तारेचा आवाज पातळ होतो. म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कागदाची बारीक पट्टी. हीच एअर गॅप. गॅप दिली की इंडक्टन्स (खालचे स्वर पेलायची क्षमता) घटतो आणि तो भरून काढायला कोअर मोठा घ्यावा लागतो. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचा डीसी परस्परांना रद्द करतो, गॅपची गरजच उरत नाही.

याचा अर्थ असा की ५ वॅटचा सिंगल-एंडेड आणि १२-१५ वॅटचा पुश-पुल, यांच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आकारात वाटतो तेवढा फरक नसतो. निव्वळ खर्च वाचवायला कोणी पाच वॅट निवडत असेल, तर त्याने थांबून पुन्हा विचार करावा.

मग ते शंभर वॅट आले कुठून? १९६०च्या दशकात सभागृहातले लाउडस्पीकर गायकाच्या गळ्यापुरतेच असायचे. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर अ‍ॅम्पनेच पोचवायचा. ती गरज खरी होती. आज कालिदास कलामंदिरात कार्यक्रम असला तर अ‍ॅम्पसमोर माइक लागतो आणि पुढचं काम साउंडवाला करतो. १५ वॅटचा अ‍ॅम्प तिथे कमी पडत नाही.

मोठ्या आवाजाचं नाशिकला वावडं नाही. नाशिक ढोल आता राज्यभर मिरवणुकीत वाजतो, आणि तो घुमू लागला की छातीत थरथर होते, मलाही होते. पण ढोल मोकळ्या रस्त्याचा. इंदिरानगरच्या फ्लॅटला वरखाली शेजार आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. पाच वॅटसुद्धा पूर्ण उघडला तर तो शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात पोचतो. पाच वॅट म्हणजे खेळणं, असं समजणाऱ्याने तो एकदा बंद खोलीत व्हॉल्यूम दहावर नेऊन पाहावा.

(दृश्य: रात्री दहाची वेळ. मल्टिमीटर सॉकेटला लावलेला.)

आता घरच्या विजेकडे येऊ. पुरवठा २३० व्होल्टचा. पण रात्री भार उतरला की व्होल्टेज वर चढतं. समजा ते २५० झालं. मग २३० धरून भरलेल्या ट्रान्सफॉर्मरमधले ३०० व्होल्ट ३२६ होतात आणि व्हॉल्व्ह तापवणारा ६.३ व्होल्टचा हीटर ६.८ वर जातो. शेवटचा थेंब काढायला व्हॉल्व्ह आधीच मर्यादेला टेकवलेले असतील, तर अशा रात्री त्यांच्या प्लेटा लाल होतात. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याकडे व्हॉल्व्हला जेवढं झेपतं त्याच्या बरंच खाली थांबावं. ६व्ही६ची जोडी पुश-पुलमध्ये, डेटाशीटनुसार, २५० व्होल्टवर १० वॅट आणि २८५ व्होल्टवर १४ वॅट देते. अडीचशेच्या आसपास बांधली तर वीज अशी चढली तरी ती निवांत राहते. चार वॅट सोडले, म्हणजे दीड डेसिबल सोडला. कानाला तो जेमतेम कळतो.

तरुणाने हेच ठरवलं. ६व्ही६ची जोडी, कॅथोड बायस (व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह कॅथोडच्या रेझिस्टरने ठरवणं), आणि प्रीअ‍ॅम्पला ईसीसी८३ व्हॉल्व्ह. ड्रमसोबत दहा वॅट पुरतील का, ही त्याची शंका रास्त होती. स्वच्छ, न फाटणारा आवाज ड्रमच्या वर हवा असेल तर पुरणार नाहीत, तिथे वीस-बावीस वॅट लागतात. त्याला हवा आहे तो कडेकडेने फाटणारा आवाज. त्यासाठी पुरतात.

घरच्यासाठी त्याने स्पीकर वेगळा निवडला, आणि वॅटच्या चर्चेत ही गोष्ट फार कमी बोलली जाते. ९८ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर जोडला की आवाज ६ डेसिबलने उतरतो. अ‍ॅम्पची ताकद चौथाई केल्यासारखंच ते, आणि व्हॉल्व्हची मेहनत तशीच राहते. स्पीकरची क्षमता मात्र अ‍ॅम्पच्या दुप्पट धरायची, कारण पूर्ण फाटलेली लाट सोडताना दहा वॅटचा अ‍ॅम्प वीसच्या जवळ जातो.

वहीत नोंद झाली: प्रायमरी ८ किलोओम, सेंटर टॅप (मधोमध काढलेलं टोक), सेकंडरी, म्हणजे स्पीकरच्या बाजूची गुंडाळी, ८ ओम. म्हणजे साधारण ३२ टर्नला १.

(दृश्य: तयार चासी. तरुण एक हात खिशात ठेवून दुसऱ्या हाताने प्रोब लावतो.)

कमी वॅटचा आणखी एक फायदा जिवाशी निगडित आहे. पन्नास वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये साडेचारशे-पाचशे व्होल्ट डीसी असतात. इथे अडीचशे आहेत. तेही माणूस मारायला पुरेसे आहेत, हे बजावून सांगतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर भरलेला राहतो. त्याच्यावर ती साठलेली वीज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर कायमचा लावायचा, आणि मीटरवर व्होल्टेज उतरलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. ज्याने आजवर फक्त बॅटरीचे पेडल बांधलेत, त्याने पहिल्यांदा चासी उघडताना जाणकार माणूस शेजारी बसवावा.

पहिली वीज सिरीज बोर्डवरून, म्हणजे मध्ये बल्ब जोडून, दिली. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. मग थेट मेन्सवर घेऊन स्पीकरच्या जागी ८ ओमचा जाडजूड रेझिस्टर, इनपुटला सिग्नल, आणि समोर ऑसिलोस्कोप. लाटेची टोकं दबायला लागण्याच्या जरा आधी मीटरवर ९ व्होल्ट आले. नवाचा वर्ग ८१, भागिले ८. दहा वॅट. ९८ डेसिबलच्या स्पीकरवर ते १ मीटरला १०८ डेसिबल होतात, आणि तरुण मागत होता त्या पन्नास वॅटपेक्षा हे फक्त ७ डेसिबल कमी आहेत.