वाहतूक परवान्याचे पुस्तक

श्रोतेहो, नमस्कार. बांबू हे झाड की गवत, असा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारला तर तो क्षणात ‘गवत’ असे उत्तर देईल. पण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाला हेच उत्तर सरकारदरबारी मान्य होण्यासाठी झगडावे लागले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज, म्हणजे झाडाच्या लाकडाव्यतिरिक्तचे वनउत्पादन, म्हटले आहे आणि त्याच कायद्यान्वये २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या कपाटात. म्हणजे माल गावाचा, किल्ली दुसऱ्याची! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. माझ्या मते हक्काच्या दाखल्याइतकेच त्या पुस्तकाला मोल आहे, कारण ज्याची सही चालते त्याचाच व्यवहारात अधिकार असतो.

परंतु सही करणारी ही ग्रामसभा एका दिवसात उभी राहिलेली नव्हती. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांची घोषणा अनेकांनी ऐकली असेल. तिच्यामागची कार्यपद्धती मात्र फारशी सांगितली जात नाही. येथे बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय होतो. एकाचा जरी विरोध असला, तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो, आणि मधल्या काळात अभ्यासगटात त्याची उलटसुलट चर्चा होते. ही रीत वेळखाऊ आहे, हे खरेच. पण हात वर करून मोजणी केली, की भूमिहीन माणूस किंवा एखादी बाई नेहमीच अल्पमतात उरते. सहमतीच्या बैठकीत मात्र त्यांचा नकार डावलून पुढे जाता येत नाही.

या रीतीची खरी कसोटी २०१३ मध्ये लागली. जंगल मुळातच सर्वांचे होते, शेती मात्र ज्याची त्याची. तरीही ग्रामदान कायद्याखाली आपापल्या जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याचा निर्णय गावाने घेतला. अशा व्यवस्थेत जमीन कसणारा पूर्वीचाच शेतकरी राहतो. जमीन गावाबाहेरच्या कोणाला विकता मात्र येत नाही.