सायकल घाटाला, पाय जंगलाला: कोकणातून कोयना आणि चांदोली

नमस्कार मंडळी. मी आत्ता चिपळुणात वाशिष्ठीच्या काठावर उभा आहे. पूर्वेला ती निळसर रेघ दिसतेय ना, तो सह्याद्री. त्याच्या माथ्यावर कोयना अभयारण्य आणि त्याला लागून दक्षिणेकडे चांदोली राष्ट्रीय उद्यान. या दोन्हींबद्दल एकच प्रश्न सारखा येतो: "दादा, सायकल घेऊन जाता येईल का?" जंगलाच्या दारापर्यंत खुशाल जा. दाराच्या आत पायी, आणि तेही हातात परवाना असेल तरच.

आधी चढाचं बघू. पुण्या-साताऱ्याकडून येणाऱ्याला हा डोंगर फारसा जाणवत नाही, कारण तो आधीच पठारावर असतो. आपण कोकणातले जवळपास समुद्रसपाटीवरून निघतो आणि एका दमात सुमारे ६०० मीटर वर जातो. ही वाशिष्ठी बघा. हिच्यात कोयनेचं पाणी येतं. खरं तर कोयना कृष्णेला मिळणारी, पूर्ववाहिनी नदी; पण धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने इकडे पोफळीला आणून त्यावर वीज करतात. ते पाणी जी उंची उतरून टर्बाइन फिरवतं, साधारण तेवढीच उंची आपल्याला पायडल मारत चढायची आहे. चिपळूण-कऱ्हाड रस्त्यावरचा कुंभार्ली घाट म्हणजे हाच.

(सायकलचा मागचा गिअर क्लोजअपमध्ये)

डाव्या वळणाकडे नीट लक्ष द्या. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चाललेले असतो, त्यामुळे डावीकडे वळणारा पिळा आला की आपण बरोबर आतल्या बाजूला सापडतो, आणि वळणाच्या पोटात चढ सगळ्यात उभा असतो. तिथे पोचून गिअर पाडायला गेलात तर साखळी कुरकुरते आणि पाय जागच्या जागी अडतो. म्हणून वळणाच्या वीसेक फूट आधीच पुढचं दातेरी चाक छोटं, मागचं मोठं करून ठेवा. मागून ट्रक येत असेल तर उतरून कडेला उभे राहा. त्यात कमीपणा काही नाही, कऱ्हाडकडची सगळी मालवाहतूक याच रस्त्याने असते.

कोकणातली दुसरी अडचण घामाची. हवा एवढी दमट की घाम वाळतच नाही, नुसता टपटपत राहतो, आणि अंग थंड व्हायचं थांबतं. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठ लागतं. एका बाटलीत मीठ-जिऱ्याचं कोकम सरबत ठेवा. दुकानातल्या रंगीत पावडरींपेक्षा मला तरी तेच मानवतं. उजाडता उजाडता निघा, ऊन तापायच्या आत माथा गाठा.

उतरताना ब्रेक धरून ठेवून उतरू नका. वळणाआधी दाबायचा, वळणात सोडायचा. रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडीवर दाबणाऱ्या ब्रेकची सायकल असेल तर सतत घासून रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. घाट उतरून गावच्या रस्त्याला लागलात की जांभ्याची लाल खडी येते. ती चाकाखालून सरकते. तिच्यावर पुढचा ब्रेक जपून.

पावसाळ्यात? दरडी कोसळतात, घाट अचानक बंद होतात आणि धुक्यात ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आता जंगलाचं दार. इथे नियम वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे, त्यातली कलमं २७ आणि २८. अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, आणि परवाना कशासाठी मिळतो तेही लिहिलेलं आहे: अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन वगैरे. हीच कलमं राष्ट्रीय उद्यानालाही लागू. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. व्याघ्र प्रकल्प नावापुरताच, असं म्हणणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणून सोडली आहे. तरी वाघापेक्षा तुमची गाठ गव्याशी पडायची शक्यता जास्त. सायकलचा आवाज नाही, उतारावर वेग आहे आणि पुढच्या वळणावर गवा उभा आहे, असं चित्र डोळ्यासमोर आणा. मग सायकल बाहेर का ठेवायची ते कायदा न वाचताही समजेल.

कोकणातल्याच बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मात्र सायकल भाड्याने मिळते, डांबरी रस्त्याने फिरताही येतं. ते बघून चांदोलीचा अंदाज बांधू नका.

(नकाशा: संगमेश्वर ते शृंगारपूर)

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो बेत चांदोलीच्या जंगलातल्या प्रचितगडाचा. संगमेश्वरहून कसबा, नायरी करत शास्त्री नदीच्या खोऱ्यातून शृंगारपूरला जायचं. हे येसूबाईंचं माहेर, शिर्क्यांचं गाव. रस्ता झाडीतला, चढउतार अंगावर न येणारे. गावात कुणाच्या तरी पडवीत सायकल लावायची, विचारून. परवान्याचं काम वनविभागाकडे आधीच उरकलेलं असावं, आणि गावातला वाटाड्या घ्याच. कारण पुढे ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाइलवरची रेघ एक सांगते आणि रान दुसरंच.

त्यापुढे वाट उभी होते. पायाखाली घसारा, म्हणजे सुटे दगड आणि माती. त्यावर वाळलेली पानं. एकामागोमाग एक चालू नका, तिरके चाला, वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात जातो. गडाच्या कड्यापाशी लोखंडी शिडी आहे. एका वेळी एकच माणूस. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. बरेच जण उलटं करतात आणि मधेच गोठतात. सॅकचे लोंबते पट्टे आधी आत खोचा, ते पायरीत अडकतात. सायकलचे क्लीटवाले, म्हणजे पायडलमध्ये अडकणारे बूट घालून इथे येऊ नका. चालायचे बूट वेगळे आणा, थोडं वजन वाढेल, वाढू दे.

खेड तालुक्यातल्या चोरवण्यातून नागेश्वराची गुहा आणि पुढे कोयनेच्या जंगलातला वासोटा किल्ला, हाही असाच बेत. महाशिवरात्रीला भाविक नागेश्वराला याच बाजूने चढतात. वासोट्यावर मुक्कामाला परवानगी नाही, तेव्हा परतीची वेळ ठरवूनच निघा. आणि ज्यांना चालायचंच नाही, फक्त सायकल मारायची आहे, त्यांनी कणकवलीहून फोंडा घाट चढावा. वर दाजीपूर, राधानगरी अभयारण्याचं तोंड. चहा प्या, परत फिरा.

जंगलात काडी पेटवायची नाही. स्वयंपाकाला नाही, बिडीलाही नाही. फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं, वणवा लागायला ठिणगी पुरते. वणवा दिसला तर वनविभागाचा फोन १९२६, अपघात झाला तर रुग्णवाहिकेचा १०८. रेंज दरीत नसते, डोंगराच्या सोंडेवर येऊन लावा.

शृंगारपूरच्या रस्त्याने यंदा कुणी सायकल नेली असेल, तर खडीचं काम कुठवर आलंय ते खाली लिहा. पुढच्या आठवड्यात आम्ही निघतोय.