राजकमल : परळच्या आवारातला चित्रपटांचा कारखाना

ठाण्याहून धिम्या लोकलने निघालेला प्रवासी परळला उतरला, की गिरण्यांच्या जमिनीवर उभे राहिलेले टॉवर आणि के.ई.एम.कडे किंवा टाटा रुग्णालयाकडे निघालेली माणसे त्याच्या नजरेस पडतात. याच परळमध्ये, जहाजबांधणीसाठी नावाजलेल्या वाडिया घराण्याच्या लवजी कॅसलच्या आवारात, वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता. १९४२ साली तो व्ही. शांताराम यांच्या हाती आला आणि तेथे ‘राजकमल कलामंदिर’ सुरू झाले. वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांवरून हे नाव ठेवले गेले. ठाणेकर प्रेक्षकांसाठी तयार केलेला हा लघुपट त्याच संस्थेविषयी आहे. शांताराम यांच्या दिग्दर्शनाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांनी चालवलेल्या कारखान्याकडे मात्र, आमच्या मते, पुरेसे लक्ष गेलेले नाही.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ साली कोल्हापुरात झाला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी पडेल ते काम केले आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात जमीन गमावलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिकाही केली. पुढे १९२९ साली विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढली. कोल्हापुरात रुजलेली आणि १९३३ साली पुण्याला गेलेली ही संस्था भागीदारांची होती. तेथे निर्णय पाच जणांच्या संमतीने व्हायचे, आणि मतभेद विकोपाला गेले तेव्हा संस्था सोडण्यावाचून शांताराम यांना गत्यंतर उरले नाही. ‘राजकमल’मध्ये भागीदारी नव्हती. विषय कोणता, नट कोण, सेट कसा आणि पैसा किती, या साऱ्याचा शेवटचा शब्द एकाच माणसाचा होता. संस्थेचे यश आणि तिची पुढची घसरण, दोन्हींची मुळे याच व्यवस्थेत आहेत.

काळ महायुद्धाचा होता आणि कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होते. अशा वेळी आलेल्या पहिल्याच ‘शकुंतला’ने (१९४३) नव्या संस्थेची घडी बसवली. मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात तो १०४ आठवडे चालला आणि १९४७ साली न्यूयॉर्कमध्येही दाखवला गेला. त्यानंतर आलेल्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’त सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीस यांची भूमिका शांताराम यांनी स्वतःच केली. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली मरण पावलेल्या डॉक्टरची ही कथा अवघ्या चार वर्षांत पडद्यावर आली, आणि तिची इंग्रजी आवृत्तीही निघाली. परदेशी बाजाराचा विचार इतक्या लवकर करणारे निर्माते त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

हे जमले, कारण संस्थेकडे स्वतःची जमीन, स्वतःचे फ्लोअर आणि स्वतःचे ध्वनिमुद्रण खाते होते. शिवाय दादरचे प्लाझा चित्रपटगृहही शांताराम यांच्या ताब्यात होते, त्यामुळे चित्रपट लावण्यासाठी सर्वस्वी इतरांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नव्हते. ‘प्रभात’मध्ये पोरसवदा वयात कामाला लागलेले वसंत देसाई ‘राजकमल’चे संगीतकार झाले. लोकशाहीर होनाजीवरच्या ‘अमर भूपाळी’चे (१९५१) संगीत त्यांचेच, आणि त्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव कान महोत्सवात झाला.

ध्वनीचे हे खाते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. संवाद, पार्श्वसंगीत आणि पावलांपासून दाराच्या करकरीपर्यंतचे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर असत. पडद्यावर रीळ चालू असताना या सर्व पट्ट्या एकाच वेळी फिरवायच्या आणि प्रत्येकीचा आवाज हाताने कमी-जास्त करत त्यांची एक पट्टी तयार करायची, याला री-रेकॉर्डिंग म्हणत. जुन्या यंत्रांवर मध्येच चूक झाली, तर रीळ पुन्हा पहिल्यापासून लावावे लागे. ‘राजकमल’चे ध्वनिमुद्रक मंगेश देसाई या कामात इतके तरबेज होते, की श्याम बेनेगल यांच्यापासून सत्यजित राय यांच्यापर्यंतच्या दिग्दर्शकांनी आपले चित्रपट त्यांच्याकडे सोपवले. ‘राजकमल’च्या सावलीत समांतर सिनेमाचा आवाज घडला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

१९५५ साली आलेल्या ‘झनक झनक पायल बाजे’त शांताराम यांनी कथकचे नर्तक गोपीकृष्ण यांना नायक केले आणि टेक्निकलरवर पाण्यासारखा पैसा खर्च केला. त्या यशानंतर दुसऱ्या कोणत्याही निर्मात्याने आणखी मोठा रंगपट काढला असता. शांताराम यांनी कृष्णधवल ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) काढला. ठाणेकरांना तुरुंगाची भिंत नवी नाही, कारण आपल्या शहरातला जुना किल्ला आजही मध्यवर्ती कारागृह म्हणूनच वापरात आहे. या चित्रपटाचा विषय मात्र भिंत नसलेल्या तुरुंगाचा होता. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना उघड्यावर शेती करू देण्याचा प्रयोग झाला होता. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि सहा कैद्यांना घेऊन माळरानावर राहणारा जेलर शांताराम यांनी रंगवला. त्यातल्या बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि काही काळ त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून राहावे लागले. मालक, दिग्दर्शक आणि नट एकच असला, की बदली माणूस उभा करावा असे सांगणारा कोणी उरत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. पट्टीमागच्या अंधारात सुचलेल्या रंगांतून ‘नवरंग’ (१९५९) जन्मला, आणि ती हकिगत शांताराम यांनी त्या चित्रपटाच्या आरंभी स्वतः सांगितली आहे.

साठच्या दशकातले चित्रपट डोळे दिपवतात, पण त्यांतली कथा पातळ होत गेलेली जाणवते. ‘गीत गाया पत्थरों ने’ (१९६४) मधून जितेंद्र पुढे आले, एवढे त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. संस्थेला खरी उभारी दिली ती मराठीनेच. १९७२ च्या ‘पिंजरा’त तमाशातल्या नर्तकीच्या नादाने धुळीस मिळणाऱ्या मास्तरांच्या भूमिकेसाठी रंगभूमीवरचे डॉ. श्रीराम लागू आले आणि संध्या व निळू फुले यांचा अभिनय, राम कदम यांचे संगीत आणि जगदीश खेबुडकर यांची गीते यांनी तो चित्रपट गावोगावी पोहोचवला. ‘चानी’ (१९७७) आणि ‘झंझार’ (१९८७) यांना तसे यश लाभले नाही. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारलेल्या शांताराम यांचे ३० ऑक्टोबर १९९० रोजी निधन झाले.

पुढे संस्थेची धुरा पुत्र किरण शांताराम यांच्याकडे आली. त्या पिढीतल्या अनेक निर्मात्यांच्या चित्रपटांचे हक्क कर्जापोटी दुसऱ्यांकडे गेले आणि मूळ निगेटिव्ह कोठे आहेत याचाही पत्ता उरला नाही. ‘राजकमल’ने आपला ठेवा घरातच राखला, म्हणून २०१६ साली ‘पिंजरा’ डिजिटल रूपात पुन्हा चित्रपटगृहांत लागू शकला.