परराज्यात वस्ती निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरीतील बदलीमुळे असो, शिक्षणासाठी असो किंवा घरातल्या कुणाच्या आजारपणामुळे असो, एका राज्यातले बिऱ्हाड आवरून दुसऱ्या राज्यात मांडायचे ठरते, तेव्हा बहुतेक कुटुंबांची नजर उपनगरांकडे वळते, कारण शहराच्या मध्यवर्ती भागात हवी तेवढी जागा खिशाला परवडत नाही. हा शोध सहसा दुरूनच सुरू होतो. जाहिरातीतील छायाचित्रे, फोनवरचा नकाशा, दलालाने सांगितलेल्या चार गोष्टी आणि तिथे राहून आलेल्या एखाद्या परिचिताचे मत, एवढ्या सामग्रीवर घर ठरते. खोल्या किती, गाडी लावायला जागा आहे का, कार्यालय किती दूर, हे आपण न चुकता विचारतो. मात्र ज्या व्यक्तीला त्या घरात आणि घराच्या अवतीभवती सगळा दिवस काढायचा आहे, तिचा दिवस कसा जाईल, हे फार थोडे लोक विचारतात. आज मला या प्रश्नाविषयी बोलायचे आहे आणि माझे मत मी आधीच सांगून टाकतो. परराज्यात वस्ती निवडताना पहिला विचार घरी राहणाऱ्या माणसाचा व्हावा, कमावत्या माणसाचा त्यानंतर.

नोकरीसाठी आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सहकारी मिळतात. मुलांना, थोडी रडारड झाली तरी, शाळेत सवंगडी मिळतात. परंतु आपली नोकरी सोडून सोबत आलेला जोडीदार किंवा उतारवयात गाव सोडणारे आईवडील यांच्या वाट्याला येते ते फक्त घर आणि घराभोवतीचा अर्धा-पाऊण किलोमीटरचा परिसर. जुन्या गावी तीस-चाळीस वर्षांत जमलेल्या ओळखी, दारावरून जाताना हाक मारणारी माणसे, औषधाच्या दुकानात नाव सांगण्याआधीच हातात पडणारी गोळ्यांची पाकिटे, हे सगळे सामानाच्या ट्रकमध्ये भरून आणता येत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या राज्यात राहायला गेलो, तेव्हा घर मी निवडले होते आणि कार्यालयाचे अंतर व घरातला उजेड एवढ्या दोनच गोष्टी मी मनात धरल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीतून समोरची बाग दिसायची. माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, झाडांची आवड, म्हणून ती खिडकी मी त्यांना मोठ्या कौतुकाने दाखवली. घर आणि बाग यांच्या मधून सहापदरी रस्ता जात होता, हे मला दिसत होतेच, पण तो पायी ओलांडायचा म्हणजे काय, हे मी एकदाही चालून पाहिले नव्हते. अण्णा पहिल्या आठवड्यात दोनदा बागेत गेले. दुसऱ्यांदा ते रस्त्याच्या मध्यावर असतानाच दिवा बदलला आणि दुभाजकावरच्या हातभर जागेत, छत्री अंगाशी धरून, दोन्ही बाजूंनी गाड्या जात असताना ते पुढचा दिवा लागेपर्यंत उभे राहिले. त्यानंतर त्यांनी बागेचे नाव काढले नाही. खिडकीजवळची खुर्ची मात्र ते कुणाला हलवू देत नसत.

पुढे वाचनात आले की यात त्यांच्या एकट्याच्या वयाचा दोष नव्हता. पादचाऱ्यांसाठी सिग्नल किती सेकंद ठेवायचा याचे गणित अनेक देशांत, माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरून केले जाते. इंग्लंडमधील ६५ वर्षांवरील लोकांच्या चालण्याचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात पुरुषांची सरासरी गती सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांची ०.८ मीटर निघाली. म्हणजे २० मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला हिशेबाने जिथे १७ सेकंद पुरायला हवेत, तिथे वृद्ध स्त्रीला २५ सेकंद लागतात. नकाशावर दीडशे मीटर दिसणारे अंतर त्यामुळे एखाद्या घरासाठी दीडशे मीटर असते आणि दुसऱ्या घरासाठी ते कापताच येत नाही.

रस्त्याचा परिणाम ओलांडण्यापुरताच नसतो. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतील एकमेकांसारख्या तीन निवासी रस्त्यांची पाहणी केली. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. सर्वांत कमी रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, सर्वांत जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता. शांत रस्त्यावरची माणसे सगळ्या रस्त्यालाच आपली जागा मानत, तर गजबजलेल्या रस्त्यावरच्यांची आपलेपणाची हद्द स्वतःच्या दारापाशी संपत होती. ज्याच्या नव्या गावात ओळखी शून्यापासून सुरू होणार आहेत, त्याने ही पाहणी नक्की लक्षात ठेवावी. त्याच्याही बऱ्याच आधी, १९२९ साली, क्लॅरन्स पेरी यांनी न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी वस्तीची एक कल्पना मांडली होती. तिच्यात शाळा वस्तीच्या मध्यभागी होती आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जात होते, जेणेकरून शाळेत जाणाऱ्या मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. आजही एखादे उपनगर पाहताना मी प्रथम हेच पाहतो की मोठा रस्ता वस्तीच्या कडेने जातो की पोटातून.

कमावत्या माणसाचा विचारच करू नये, असे माझे म्हणणे नाही. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली दाखवून दिले की वाहने बदलली, शहरे पसरली, तरी माणूस दिवसाकाठी जाण्यायेण्यात मिळून साधारण एक तासच घालवत आला आहे. या तासाची मर्यादा ओलांडताना आपण मनाची समजूत घालतो की लांबच्या मोठ्या घराने त्याची भरपाई होईल. झुरिक विद्यापीठातील ब्रुनो फ्राय आणि आलोइस श्टुट्सर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली, तेव्हा ही भरपाई प्रत्यक्षात होत नाही आणि लांबचा प्रवास करणारी माणसे आपल्या आयुष्याविषयी कमी समाधानी असतात, असे त्यांना आढळले. त्यात आणखी एक गोष्ट मी माझ्या अनुभवावरून घालतो. प्रवासात गेलेला जादा तास हा घरी वाट पाहणाऱ्याचाही तास असतो, आणि परक्या गावात तो संध्याकाळी फार लांबतो. म्हणून "साधारण किती वेळ लागतो" असे विचारू नका. पाऊस असेल, गाडी चुकली असेल, त्या दिवशी किती वेळ लागतो, ते विचारा.

ओळखी आपोआप होतात, असे आपण गृहीत धरतो. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी गेल्या सहा महिन्यांत गाव बदललेल्या प्रौढांचा अभ्यास केला आणि जुजबी ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, तर जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक लागतो, असा अंदाज मांडला. हे तास येणार कुठून? ठरवून भेटण्याइतकी ओळखच नसताना, ते वरचेवर सहज पडणाऱ्या गाठीभेटींतूनच येतात. सकाळच्या फेरीत रोज समोरून येणारी व्यक्ती, मुलाला शाळेत सोडताना फाटकापाशी दोन मिनिटे रेंगाळणाऱ्या आया, वाचनालयातले तेच ते चेहरे. वस्तीत अशा गाठीभेटींची ठिकाणे चालत जाण्याजोगी असली पाहिजेत. दर वेळी गाडी काढावी लागत असेल, तर गाडी न चालवणाऱ्याचे ते ५० तास कधीच भरत नाहीत.

तेव्हा जागा पाहायला जाल, तेव्हा एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा, आणि तो सुटीचा नको, कामाचा हवा. सकाळी शाळा भरण्याच्या वेळी मुले पायी जाताना दिसतात का ते पाहा, कारण पालक ज्या रस्त्यावर मुलांना पायी सोडतात, त्या रस्त्याविषयी त्यांनी आपले मत न बोलता दिलेले असते. दुपारी दोन ते चार या वेळेत पुन्हा फिरा. पुष्कळ उपनगरे या वेळी अगदी निर्मनुष्य असतात, आणि घरी राहणाऱ्याला रोज वाट्याला येणारी वेळ हीच असते. सावलीत बाक आहेत का, असतील तर त्यांवर कुणी बसले आहे का, हे दोन मिनिटांत समजते. रात्री नऊनंतर बसथांब्यापासून घरापर्यंत एकदा चालत या. आणि ज्यांच्यासाठी वस्ती निवडायची आहे, त्यांना सोबत घ्या. ते येऊ शकत नसतील, तर त्यांच्या चालीने चाला.

शाळेची चौकशी मात्र घर ठरवण्याआधीच करावी लागते. राज्य बदलले की अभ्यासक्रम, शिक्षणाचे माध्यम, प्रवेशाचे वय आणि वर्ष सुरू होण्याचा महिना, यांपैकी काहीही बदलू शकते, आणि बऱ्याच ठिकाणी सार्वजनिक शाळेतील प्रवेश राहत्या पत्त्यावर ठरतो, त्यामुळे रस्त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे घर वेगवेगळ्या शाळांच्या हद्दीत येऊ शकते. हे दलालाच्या तोंडून ऐकू नये, शाळेतच जाऊन विचारावे. प्रस्तावित स्थानक, प्रस्तावित उद्यान, प्रस्तावित रुग्णालय या शब्दांवरही घर घेऊ नये. जे आज उभे आहे तेवढेच मोजावे.

भाषा निराळी असेल, तर आपल्या भाषेची माणसे जिथे आहेत तिथेच राहावे, असा सल्ला हमखास मिळतो. वृद्धांसाठी त्यात तथ्य आहे, दिवसातून एकदा तरी मनमोकळे बोलता आले पाहिजे. पण तेवढ्यावरच वस्ती ठरवली, तर मुले आणि आपणही तिथल्या भाषेपासून वर्षानुवर्षे दूर राहतो. आपली माणसे एका बसच्या अंतरावर असावीत आणि शेजार मिसळ असावा, हे मला अधिक पटते.

आणि शक्य असेल, तर पहिले वर्ष भाड्याने राहावे. एका वर्षात सगळे ऋतू दिसतात. पाणी कुठे तुंबते, उन्हाळ्यात वरचा मजला किती तापतो, थंडीत ऊन कोणत्या बाजूने येते, हे कुठल्याही कागदावर नसते. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, असे एखाद्या भागाविषयी सांगितले जाते, तेव्हा तो आपल्या हयातीत येणार नाही असा अर्थ घेऊ नका. दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का, असा त्याचा अर्थ आहे, आणि ३० वर्षे त्या घरात राहिलात तर एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. गृहकर्जही इतकी वर्षे चालू शकते.

आम्हीही वर्ष संपल्यावर घर बदलले. नवे घर लहान आहे, त्यात उजेड कमी आहे आणि माझा प्रवास प्रत्येक बाजूने बारा मिनिटांनी वाढला. खिडकीतून समोरची भिंत दिसते. इमारतीच्या मागच्या गल्लीतून गाड्या फारशा जात नाहीत आणि गल्लीच्या टोकाला, झाडाखाली, सिमेंटचे तीन बाक आहेत. राहायला गेल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी मी कामावरून आलो, तर अण्णा घरात नव्हते. साडेसातला ते आले आणि चपला काढता काढता सांगू लागले की तळमजल्यावरच्या गृहस्थांची गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या मंगळवारी आहे, त्यांचा मुलगा परगावी असतो, तेव्हा मंगळवारी सकाळी गाडी घेऊन तू त्यांच्यासोबत जा, मी त्यांना तसे सांगून आलो आहे.

नमस्कार.